गाय हाडं चघळते तेव्हा तिच्या हाडांत काय चाललेलं असतं

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका भावाने विचारलंय ते थोडक्यात असं: एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियन ह्या परदेशी जातीचा संकर) गाय, तिसरं वेत, व्यायला दीड महिना झाला, सुरुवातीला १४ लिटर होती आता १० वर आलीय, गेले पंधरा दिवस हाड दिसलं, चप्पल दिसली, दगड दिसला की चघळत उभी राहते, बसली की उठायला वेळ लावते, मागचे पाय आखडल्यासारखे टाकते. शेजारचे म्हणतात वात आहे. कॅल्शियमची बाटली पाजून झाली, फरक नाही. खाणं म्हणजे भाताचा पेंढा, थोडा हायब्रीड नेपियर आणि दोन किलो खोबऱ्याची पेंड. आणि शेवटी विचारलंय की गुरांच्या अंगात हाडं असतात तरी किती आणि कशी, ते एकदा नीट सांगा.

मी सव्वीस वर्षं गुरांचा डॉक्टर म्हणून पेडणे, डिचोली, सत्तरी असा फिरलोय आणि खरं सांगतो, हाडांबद्दल स्वतःहून विचारणारे गोठेवाले मला दहा-बाराच भेटले असतील, लोक दुधाबद्दल विचारतात, माजाबद्दल विचारतात, हाड मोडल्याशिवाय हाडाचा विषय कोणी काढत नाही. म्हणून तुमचा दुसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्यातच आहे.

उद्या सकाळी धार काढून झाली की गायीच्या डाव्या अंगाला उभे राहा आणि मी सांगतो तसा हात फिरवा. पुस्तकात गायीची हाडं साधारण २०७ धरतात, शेपटीचे मणके कमीजास्त असतात म्हणून आकडा एकदोनने हलतो, त्याचं काही एवढं नाही. मानेत सात मणके. माणसाला पण सातच, बकरीला सात, डुकराला सात, जिराफाची एवढी लांब मान तरी त्यात पण सातच. मग पाठीचे तेरा, प्रत्येकाला एक बरगडीची जोडी, म्हणजे तेरा जोड्या. त्यातल्या पुढच्या आठ जोड्या खाली छातीच्या हाडाला थेट जोडलेल्या असतात आणि मागच्या पाच थोड्या मोकळ्या, एकमेकींच्या आधाराने राहतात. पोट भरलं की कूस फुगायला जागा मिळते ती त्यामुळेच. शेवटच्या बरगडीच्या मागे जो खड्डा लागतो ती भकाळी, डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली की रवंथाच्या पोटाची हालचाल हाताला लागते, दोन मिनिटांत दोन-तीनदा तरी लागली पाहिजे.

भकाळीच्या वर कमरेचे सहा मणके, त्यांना दोन्ही बाजूंना फळीसारखी आडवी हाडं असतात, त्यांची टोकं बोटांनी चाचपून बघा. टोकं टोचतात का मऊ लागतात, यावरून गायीच्या अंगावर किती साठा आहे ते कळतं आणि माझा हात पहिल्यांदा तिथेच जातो. त्याच्या मागे आणखी पाच मणके एकमेकांना जुळून एकच हाड झालेलं, दोन्ही बाजूंना खुब्याची वर आलेली टोकं, मग शेपटीचं मूळ आणि पुढे शेपटीचे अठरा ते वीस मणके. शेपूट वरखाली हलवून बघा, मुळाशी एका जागी सांधा हलतो आणि बोटाला खड्डा लागतो, मागच्या अंगाला भूल द्यायची असली तर आम्ही सुई तिथे घालतो. गाय हलत नाही म्हणून शेपूट पिरगळणारे लोक अजून आहेत, ते बारीक मणके असतात, मोडतात, आणि मग ती शेपूट जन्मभर वाकडी राहते. असं कृपा करून करू नका.

आता पुढचे पाय. गायीला गळपट्टीचं हाड नसतं, जे माणसाला छातीच्या वर दोन बाजूंना असतं ते. म्हणजे पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेलाच नाही, खांद्याचा फरा नुसत्या स्नायूंच्या झोळीत टांगलेला आहे, आणि अंगाचं निम्म्याहून जास्त वजन त्या दोन पायांवर. गुळगुळीत टाईल्सच्या गोठ्यात गाय घसरून पाय फाकवून पडते तेव्हा ही झोळी फाटते किंवा मागच्या बाजूला खुब्याचा सांधा निखळतो, आणि अशी गाय मोठी असली तर पुन्हा उभी राहणं फार कठीण. हल्ली नवीन गोठे बांधताना टाईल्स घालायची टूम निघालीय, धुवायला बरं पडतं म्हणे. माझं ऐका, कोबा करा आणि ओला असतानाच त्यावर खाचा मारून घ्या.

आपण ज्याला पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो तो खरं म्हणजे माणसाच्या मनगटाचा सांधा आहे. आणि मागच्या पायाला जो मागे वळलेला कोपरासारखा सांधा दिसतो तो घोटा, टाचेसकट. खरा गुडघा वर पोटाला लागून असतो, वाटीसकट. म्हणजे गाय, बकरी सगळी गुरं बोटांच्या टोकांवर चालतात. मनगटाच्या खाली जी लांब नळी आहे ती मूळची दोन हाडं, पोटात वासरू असतानाच जुळून एक होतात, नळी आडवी कापली तर आत मधला पडदा दिसतो. आणि खाली दोन खुरं म्हणजे तिसरं आणि चौथं बोट, मागच्या बाजूला लोंबणाऱ्या दोन छोट्या खुरट्या म्हणजे उरलेली दोन बोटं. खुराच्या आत पण हाड असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

दोन गोष्टी अशाच सांगतो कारण मला त्या अजून नवलाच्या वाटतात. वशिंडात हाड नाही, ते सगळं स्नायूचं. आणि गायीच्या हृदयात मात्र हाड असतं, झडपांच्या मुळाशी दोन बारीक हाडं. शवविच्छेदन करताना पहिल्यांदा सुरीला ती लागली तेव्हा मी शिकत होतो, तो कर्र आवाज अजून कानात आहे.

तर हा झाला सांगाडा. पण आपण हाड म्हटलं की खांब, वासा, घराचं लाकूडकाम असं काहीतरी डोळ्यासमोर आणतो आणि तिथेच चुकतो, कारण मेलेल्या गुराचं वाळलेलं पांढरं हाडच आपण बघितलेलं असतं. जिवंत हाड गुलाबी असतं, त्याला रक्त येतं, आत मगज असतो जिथे रक्ताच्या पेशी तयार होतात, आणि ते रोज थोडं खरवडलं जातं आणि रोज थोडं नवीन भरलं जातं. खरवडणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. दोघांचं काम बरोबरीने चाललं तर हाड तसंच राहतं, खरवडणारे पुढे गेले तर बाहेरून आकार तोच पण आतून पोकळ होत जातं.

घरात मुलं असतील तर एक करून बघा. कोंबडीच्या तंगडीचं हाड साफ करून माडाच्या व्हिनेगरात बुडवून ठेवा, दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर बदला, आठवड्याभराने हाड रबरासारखं वाकतं. व्हिनेगराने आतलं कॅल्शियम फॉस्फरस विरघळवून काढलं आणि उरला तो नुसता प्रथिनाचा दोर. उलट दुसरं हाड चुलीत जाळा, दोर जळून जातो आणि उरलेली राख हाडाच्याच आकाराची पण बोटाने दाबली की चुरा. वाळलेल्या हाडात साधारण दोन भाग खनिज आणि एक भाग हा दोर असतो. एकाने ताठपणा येतो, दुसऱ्याने लवचिकपणा. डिचोलीच्या एका शाळेत मी हे करून दाखवलं होतं, मुलं ते वाकलेलं हाड घरी न्यायला मागत होती.

आता मुद्द्यावर येतो. अंगातल्या एकूण कॅल्शियमपैकी ९९ टक्के हाडांत आणि दातांत असतं, फॉस्फरसपैकी ८० टक्के. रक्तात जेमतेम काही ग्रॅम फिरत असतं, पण त्या काही ग्रॅमवर हृदयाचे ठोके, स्नायूंची ताकद, सगळं अवलंबून. म्हणून शरीराने ठरवून ठेवलंय की रक्तातलं कमी होऊ द्यायचं नाही, खाण्यातून आलं तर ठीक नाहीतर हाडातून काढायचं. हाड म्हणजे गायीची बँकच म्हणा. गळ्याजवळच्या छोट्या ग्रंथी हे काम बघतात, रक्तात कॅल्शियम घसरलं की त्या हाडाला सोडायला लावतात, मूत्रपिंडाला रोखायला लावतात आणि ड जीवनसत्त्व जागं करून आतड्याला जास्त शोषायला लावतात.

एक लिटर दुधातून साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम आणि ०.९ ग्रॅम फॉस्फरस बाहेर जातो. तुमची गाय १४ लिटर देत होती म्हणजे रोज १७ ग्रॅम कॅल्शियम आणि साडेबारा ग्रॅम फॉस्फरस नुसता बादलीत. तो कुठून येतो? चांगली गाय व्यायल्यावर पहिले दीड-दोन महिने खाण्यातून मिळतं त्यापेक्षा जास्त देते, कुठलीही दुभती गाय थोडीबहुत हाडं झिजवतेच, ते नॉर्मल आहे, पुढे दूध उतरल्यावर आणि आटल्यावर तिने ते परत भरायचं असतं. प्रश्न येतो तो परत भरायला काही नसतं तेव्हा. तिसरं वेत आहे म्हणजे तिने दोन वेतं उचल केलेली आहे आणि भरणा किती झाला ते आपल्याला माहीत नाही.

तुमच्या खाण्याचा हिशेब मी ढोबळ मांडला. भाताच्या पेंढ्यात फॉस्फरस किलोमागे जेमतेम एक ग्रॅम, म्हणजे पाच किलोत पाच ग्रॅम. पंधरा किलो ओल्या नेपियरमधून सात-आठ. खोबऱ्याची पेंड किलोला सहा धरा, दोन किलोत बारा. झाले चोवीस-पंचवीस ग्रॅम. चारशे किलोच्या गायीला चौदा लिटर दुधासाठी चाळीसच्या आसपास लागतात. रोज पंधरा ग्रॅमचा खड्डा पडतोय, दीड महिना झाला.

शिवाय आपली माती. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि जमीन बहुतेक जांभ्याची, आंबट, लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेली, ती फॉस्फरसला असं धरून ठेवते की गवताला मिळतच नाही. कुरणावरचं गवत डोळ्याला हिरवंगार दिसतं पण त्यात दम नसतो. पेंढ्यात आणि नेपियरमध्ये ऑक्झॅलेट असतं ते कॅल्शियमला पकडून ठेवतं ते वेगळंच. आपली गावठी श्वेत कपिला ह्याच गवतावर पिढ्यानपिढ्या जगलीय, कारण ती लहान अंगाची आणि दोन-तीन लिटर दुधाची, तिची उचलच कमी. तेच खाणं एचएफ क्रॉसला घातलं की असं होतं. गायीत काही खोट नाही आणि तुमच्यात पण नाही, हिशेब जुळत नाहीये एवढंच.

गुराला फॉस्फरस कमी पडला की ते हाडं शोधतं. हाडात फॉस्फरस आहे हे तिला कोणी शिकवलेलं नसतं तरी शोधतं, हाड मिळालं नाही तर चामडं, चप्पल, प्लॅस्टिक, दगड, माती. भूक मंदावते, दूध उतरतं, माज नीट दाखवत नाही, सांधे दुखतात म्हणून आखडून चालते, पाठ कमानीसारखी करते, उठताना कण्हते. लोक ह्याला वात म्हणतात आणि तेल चोळतात, चोळल्याने वाईट काही होत नाही पण हाडात काही जात नाही.

मला तुमच्या गायीत फॉस्फरसची कमी दिसतेय, पण मी हात लावून बघितलेलं नाही, त्यामुळे आधी दोन-तीन गोष्टी बघून घ्या. पहिलं खुरं. गुरांचं लंगडणं बहुतेक वेळा खुरातून येतं, त्यातही मागच्या पायाच्या बाहेरच्या खुरात. चार महिने पावसात ओल्या शेणात उभी असलेली गाय, खुरं वाढलेली, मध्ये फट कुजलेली, असं असेल तर आखडणं तिथलं पण असू शकतं. खूर धुऊन, दाबून बघा, गरम लागतं का, पाय ओढून घेते का. दुसरं, शेण तपासून घ्या, पोटात जंत असले तरी गुरं माती दगड चाटतात, मीठ कमी असलं तरी चाटतात. तिसरं, रक्त. डॉक्टरला सांगा अजैविक फॉस्फरस आणि कॅल्शियम दोन्ही बघायचंय, फॉस्फरस चार मिलीग्रॅमच्या खाली आला तर कमी समजायचा. सॅम्पल घेतल्यावर गोठलेल्या रक्तावरचं पाणी लवकर वेगळं करायला पाहिजे, तसंच ठेवलं तर तांबड्या पेशींतला फॉस्फरस त्यात उतरतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो, हे मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत चुकलेलो आहे आणि एका गायीला त्यामुळे तीन आठवडे उशिरा उपचार मिळाला.

दुधाचा ताप आहे का असं कोणी म्हणालं तर, नाही. तो व्यायल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतला आजार, कान गार पडतात, गाय मान कुशीकडे वळवून बसून राहते, चिकाबरोबर एकदम एवढं कॅल्शियम बाहेर जातं की हाडाच्या बँकेला दार उघडायला पण वेळ मिळत नाही. त्याला शिरेतून कॅल्शियम लागतं आणि ते डॉक्टरनेच हळूहळू सोडायचं, भरकन सोडलं तर हृदय थांबतं. तुमची दीड महिन्याची आहे, हे प्रकरण सावकाशीचं आहे.

बाटलीचं काय झालं ते सांगतो. बाटलीचं लेबल वाचा, बऱ्याच टॉनिकमध्ये कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस नावाला. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फरस साधारण दोनास एक अशा प्रमाणात एकत्र बसतात, एकटं कॅल्शियम नेऊन टाकलं तर ते बसायला जोडीदार नसतो.

करायचं असं. दोन किलो खोबऱ्याच्या पेंडीबरोबर एक किलो गव्हाचा कोंडा सुरू करा, त्यातून दहा ग्रॅम फॉस्फरस येतो. रोज पन्नास-साठ ग्रॅम मिनरल मिक्सचर, पिशवीवर आयएसआय मार्क आणि फॉस्फरस बारा टक्क्यांच्या आसपास लिहिलेला बघून घ्या, त्यातून सहा-सात ग्रॅम. झाला तुमचा खड्डा भरून. तीस ग्रॅम मीठ. आणि कॅल्शियमसाठी बांधावरचा ग्लिरिसिडिया किंवा शेवग्याचा पाला, ग्लिरिसिडिया ताजा घातला तर वासाने गाय तोंड फिरवते, सकाळी तोडून संध्याकाळी सुकलेला घाला, हळूहळू सवय होते. रक्तात फॉस्फरस फारच कमी आला तर डॉक्टर शिरेतून फॉस्फरस देतील, ते घरी कोणी करायचं नाही. शेतातलं सुपर फॉस्फेट किंवा रॉक फॉस्फेट गुराला घालायचा सल्ला मी ऐकलाय, अजिबात नको, त्यात फ्लोरिन असतं, दात आणि हाडं कायमची खराब होतात. हाडाची भुकटी पण नको, रवंथ करणाऱ्या जनावराच्या हाडामांसाचं खाद्य रवंथ करणाऱ्यांना घालायला आपल्याकडे बंदी आहे आणि ती बरोबर आहे.

हाडं चघळणं दोन-तीन आठवड्यांत कमी व्हायला लागेल. हाडातली झीज भरून यायला मात्र महिने लागतात, म्हणून फरक दिसला की पिशवी बंद असं करू नका, आटवल्यावर तर जास्त लक्ष द्या, ते दोन महिने भरण्याचे. फक्त व्यायच्या आधीचे शेवटचे दोन-तीन आठवडे कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. ऐकायला उलटं वाटतं पण त्या वेळी बाहेरून भरपूर मिळालं तर त्या गळ्याजवळच्या ग्रंथी झोपून राहतात आणि चीक सुरू झाला की जाग्या व्हायला उशीर लावतात, मग गाय बसते.

आणि आजपासून गोठ्याभोवतीचं एकूण एक हाड, तार, प्लॅस्टिक उचला. हे मी सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं. कुजलेल्या हाडाला चिकटलेल्या मांसात बोटुलिझमचं विष असू शकतं, त्याने गुराचं अंग लुळं पडतं, दक्षिण आफ्रिकेत हजारो गुरं असल्या लुळेपणाने मरत होती, १९२० च्या सुमारास तिथले पशुवैद्य आर्नल्ड थायलर यांनी शोधून काढलं की जमिनीत फॉस्फरस नाही म्हणून गुरं मेलेल्या जनावरांची हाडं खातात आणि त्यातल्या विषाने मरतात. त्यांनी गुरांना फॉस्फरस द्यायला लावला आणि मरणं कमी झाली. तार पोटात गेली तर गायीच्या चार पोटांपैकी दुसऱ्याला टोचून हृदयापर्यंत पोचते, त्याच्यावर आपल्याकडे फारसा उपाय नाही.

लघवीचा रंग पण रोज बघा. फॉस्फरस फार घसरला की तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी कॉफीसारखी होते, म्हशींत जास्त. पेडण्यात एका घरी म्हैस व्यायल्यावर तीन आठवड्यांनी असं झालं, घरच्यांना वाटलं नजर लागली, दोन दिवस थांबले, मी पोचलो तेव्हा डोळ्याची आतली कातडी कागदासारखी पांढरी, ती वाचली नाही. घरातल्या म्हाताऱ्या आई तिच्या मानेवर हात ठेवून बसल्या होत्या. लाल लघवी गोचिडाच्या तापाने पण होते, दोन्हीचं औषध वेगळं, म्हणून रक्त तपासल्याशिवाय अंदाजाने काही करू नका, पण बोलवायला एक दिवस पण थांबू नका.

आता बाकी जनावरांचं, विचारलंयच म्हणून. वासरांचं हाड लांबीने वाढतं ते टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून, तिथे खनिज बसायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातून मिळतं. पावसाळ्यात जन्मलेलं वासरू चार महिने काळोख्या कोपऱ्यात बांधून ठेवलं की गुडघे गाठीसारखे जाड होतात, पाय वाकतात, मुडदूस म्हणतात तो हाच. उघडीप मिळाली की बाहेर बांधा. पण गुडघा एकाएकी सुजला, गरम आहे, वासरू दूध ओढत नाही, तर ते नाळेतून गेलेलं इन्फेक्शन सांध्यात उतरलंय आणि दोन दिवसांत सांध्याची कूर्चा खाऊन टाकतं, तातडीने डॉक्टर. जन्मल्याबरोबर नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवली आणि पहिल्या दोन तासांत चीक पाजला तर ह्यातलं बहुतेक टळतं. मोठ्या गायीच्या पुढच्या गुडघ्यावर पाण्याची पिशवी धरलेली दिसली आणि आधी गाभ गेलेला असेल तर ब्रुसेलाची तपासणी करून घ्या, ती पिशवी घरी फोडू नका, तो आजार माणसाला लागतो.

बकऱ्यांना कोंडा आवडतो म्हणून नुसत्या कोंड्यावर ठेवणारे आहेत. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, म्हणजे गायीच्या उलटी गडबड, मग शरीर कॅल्शियमसाठी हाडं पोखरतं, जबडा फुगतो आणि दाबला तर रबरासारखा लागतो, खच्ची केलेल्या बोकडाला लघवीत खडे होतात ते आणखी. पाला घाला. डुकराच्या सोंडेत पुढे एक छोटं हाड असतं, जमीन उकरायला, ते दुसऱ्या गुरांत नसतं. अंड्यावरच्या कोंबडीचं मला फार वाटतं. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅम कॅल्शियम, ते रात्री कवच बनताना खाण्यातून पुरलं नाही की तिच्या मांडीच्या नळीतून येतं, नळीच्या आत त्याच्यासाठी वेगळं मऊ हाड साठवलेलं असतं, ते संपलं की पायाचं पक्कं हाड खरवडलं जातं आणि एक दिवस कोंबडी बसते ती उठत नाही. संध्याकाळच्या खाण्यात शिंपल्यांचा भरड चुरा ठेवा, तिसऱ्यांचे शिंपले आपल्याकडे काय कमी आहेत, धुऊन वाळवून कुटा, पीठ करू नका, जाडा चुरा पोटात रात्रभर टिकतो.

हाड मोडलं तर काय, हे पण सगळे शेवटी विचारतातच. नळी मोडली असेल, कातडी फाटलेली नसेल, तर वासरात बकरीत प्लॅस्टरने सुरेख जुळतं, चार ते सहा आठवडे. प्लॅस्टर होईपर्यंत बांबूच्या दोन चिपा, आतून कापूस भरपूर, आणि मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा दोन्ही सांधे त्यात आले पाहिजेत, नुसतं मोडलेल्या जागी आवळून बांधलं तर खालचा पाय काळा पडतो, असे दोन पाय मी कापलेत. मांडीचं किंवा दंडाचं हाड मोडलं तर बाहेरून बांधून उपयोग नाही. अडलेलं वासरू ओढताना नळी मोडते ते तर आपल्या हातचं असतं, दोरीचा एक फास खुराच्या वरच्या सांध्याच्या वर आणि दुसरी अढी त्याच्या खाली घ्या, म्हणजे जोर वाटला जातो. आणि लहान कालवडीला पहिल्या वेताला मोठ्या अंगाच्या जातीचं रेतन नको, तिच्या खुब्याची वाटच अरुंद असते.

पावसाळ्यात गुरं रात्री रस्त्यावर येऊन बसतात कारण तेवढीच जागा कोरडी आणि उबदार असते. गाडीने ठोकलेल्या गुराचा खुब्याचा सांगाडा मोडलेला असतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. अशा गुराला चार जणांनी शेपूट आणि शिंगं धरून उठवू नका. कुशीवरून छातीवर बसतं करा, खाली जाड पेंढा घाला, दर तीन-चार तासांनी कूस बदला, कारण स्वतःच्या वजनाखाली मांडीचे स्नायू काही तासांतच मरायला लागतात आणि मग हाड धड असलं तरी ते उठत नाही.

तुमच्या गायीला पण हेच लागू आहे, ती उठायला वेळ लावतेय तोपर्यंत तिला कोब्यावर बांधू नका, मातीच्या भुईवर पेंढा घालून मोकळी ठेवा, उठताना पुढे अडीच हात जागा पाहिजे, गाय उठताना डोकं पुढे झोकून मागचं अंग उचलते, समोर भिंत असली तर तिला झोकता येत नाही. रक्ताचा रिपोर्ट आला की दोन्ही आकडे आणि खुरांचं काय दिसलं ते मला कळवा, मग कोंडा आणि मिनरल मिक्सचर किती ठेवायचं ते नक्की सांगतो.